लेटन्सी 'लेट'वरून आलेली नाही

भुसावळहून एकांनी विचारलंय: ग्राफिक्स ड्रायव्हरबद्दल (ग्राफिक्स प्रोसेसरला हाकणारं सॉफ्टवेअर) मराठीत लिहितोय, लेटन्सीला, म्हणजे काम सांगितल्यापासून प्रतिसाद येईपर्यंत जाणाऱ्या वेळेला, 'सुप्तता' म्हणू की 'विलंब'?

विलंब.

आणि "लेटन्सी म्हणजे लेट होणं ना भो" हे आता पुरे. गाडी लेट येते तो 'लेट' जर्मानिक कुळातला. लेटन्सी आली लॅटिन 'लातेरे'पासून, म्हणजे दडून असणे. 'लेटंट हीट'साठी शाळेत शिकलेला 'अप्रकट उष्मा' हा त्याच धातूचा नेटका अनुवाद.

हा धातू पाहूनच काही जण 'सुप्तता' सुचवतात. इथे ती साफ चूक आहे, कारण ग्राफिक्स प्रोसेसर, म्हणजे पडद्यावरची चित्रं तयार करणारी चिप, खरोखरच झोपतो! काम नसलं की त्याची गती नि व्होल्टेज उतरतं, पुढे काही भागांची वीजच तोडली जाते. काम आलं की वीज जोडा, आधीची स्थिती परत भरा, गती चढवा. रावेरकडे केळीबागेत मोटर बंद राहिली की ठिबकच्या नळ्या रित्या होतात; मग बटण दाबलं तरी शेवटच्या खोडाशी थेंब पडायला वेळ लागतो, तसंच हे. 144 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 144 चित्रं दाखवणाऱ्या पडद्यावर एका चित्राला जेमतेम 7 मिलिसेकंद मिळतात. म्हणून ड्रायव्हर काम संपल्यासंपल्या प्रोसेसरला झोपवत नाही, थोडी वाट पाहतो. झोप जितकी गाढ तितकी वीज वाचते, पण जागं व्हायला तितका विलंब. आता विलंबालाच सुप्तता म्हटलं, तर 'सुप्तता कमी करा' म्हणजे नक्की काय कमी करायचं? तराजूच्या दोन्ही पारड्यांना एकच नाव!

खरी गोडी तर 'विलंब'मध्येच आहे. मूळ धातू 'लम्ब्', म्हणजे लोंबणे. ओळंब्याची दोरी लोंबते तो लंब, घड्याळात लोंबतो तो लंबक. ज्याला धरून लोंबायचं ते अवलंबन, म्हणून 'अवलंबून'. विलंबित लयही त्याच घरची, आणि 'लांबणीवर टाकणे'सुद्धा. विलंब म्हणजे काम लोंबकळत राहणं. इंग्रजीत अडकलेलं यंत्र 'हँग' होतं, तिथेही हेच लोंबणं. 'मोबाईल हँग झाला' हे खेड्यापाड्यांत इतक्या सहज रुजलं ते यामुळेच, असं माझं ठाम मत आहे. ते चित्र आपल्या भाषेत आधीपासून टांगलेलंच होतं. याला योगायोग म्हणणाऱ्यांनी 'कामं लोंबकळलीत' हा रोजचा प्रयोग कानाआड केलेला दिसतो.

हां, तुमच्या लेखात नुसता विलंब मोघम वाटला, तर 'प्रतिसाद-विलंब' लिहा. सुप्तता झोपलेल्या प्रोसेसरसाठी राखून ठेवा.