मध्ययुगीन युरोपात श्रीमंत व्यापाऱ्याचे शहरातील घर कसे असे?

याचे उत्तम उदाहरण म्हणजे फ्लॉरेन्समधील पालाझ्झो दाव्हांझाती. चौदाव्या शतकाच्या मध्यास दाव्हिझ्झी या व्यापारी घराण्याने ते बांधले आणि 1578 मध्ये ते इतिहासकार बेर्नार्दो दाव्हांझाती यांच्याकडे आले.

रस्त्यालगतच्या कमानदार तळमजल्यावर लोकरीचा व्यापार चाले, तर वरच्या मजल्यांवर कुटुंब राहत असे. आतल्या चौकात उभे राहिले की घराची खरी रचना उलगडते. तिथला जिना वर चढताना दगडाचा लाकडी होतो. घराची स्वतःची विहीर असून तिचा उभा मार्ग भिंतीतून थेट वरपर्यंत नेलेला आहे, त्यामुळे प्रत्येक मजल्यावरच्या झरोक्यातून दोर सोडून, कप्पीच्या साहाय्याने पोहऱ्याने पाणी ओढता येत असे. ज्या काळात बहुतेक शहरवासी सार्वजनिक विहिरीवर अवलंबून होते, त्या काळात ही मोठीच चैन होती. मजल्यांवर शौचकूपही होते. स्वयंपाकघर मात्र मुद्दाम सर्वांत वर ठेवलेले होते, कारण तिथून धूर व उष्णता बाहेर जात आणि आग लागलीच तर खालचे मजले वाचण्याची शक्यता अधिक असे.

पोपटांच्या चित्रांनी मढवलेल्या दालनातील भिंती तर मुद्दाम वेळ काढून पाहाव्यात, कारण तिथे रंगांतूनच भिंतीवर टांगलेल्या भरजरी पडद्यांचा आभास निर्माण केला आहे. छतावरचा खुला सज्जा सोळाव्या शतकातला आहे. 1904 मध्ये एलिया व्होल्पी या पुरावस्तू-व्यापाऱ्याने वास्तू विकत घेऊन तिची डागडुजी केली आणि 1910 मध्ये संग्रहालय म्हणून ती खुली केली. आज ते सरकारी संग्रहालय आहे.