वाचकांचे प्रश्न : गोष्टींवर चालणारी घरशाळा

प्रश्न : मुलगी साडेपाच वर्षांची आहे. दोन वर्षं घरीच शिकवायचं ठरवलंय. गोष्टींच्या पुस्तकांवर आधारलेला ३६ आठवड्यांचा परदेशी इंग्रजी अभ्यासक्रम मिळतोय. घ्यावा का? तिला बाराखडी पाठ आहे, पण वाचता येत नाही.
– एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : वर्षाचा संच आत्ताच घेऊ नका. नमुन्याची पानं मागवा आणि मूल स्वतः किती वाचतं, आई किती वाचून दाखवते, तेवढं बघा. बऱ्याच संचांत गोष्टी नुसत्या ऐकायच्या असतात. अक्षरओळख असली तरी ती इंग्रजी ध्वनींची, मराठी वाचनाला तिचा उपयोग नाही.

बाराखडीचा तिला क्रम पाठ आहे. 'कु' एकटा दिसला की 'क, का, कि' म्हणत तिथवर यावं लागतं. म्हणून क्रमच मोडा. क, म, न, र यांच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या करा. काना वेगळ्या, अरुंद पट्टीवर. 'मन'च्या मध्ये काना सरकवला की 'मान' होतं, हे तिच्याच हातून व्हायला हवं. एवढ्यात कान, नाक, मका, कमान, कामना बसतात. हे सहज जमल्यावरच पुढची चार अक्षरं आणि वेलांटी. जोडाक्षरं नंतर, रफार सगळ्यात शेवटी: 'सूर्य'मध्ये र आधी उच्चारायचा, पण तो असतो य च्या डोक्यावर.

सकाळी १५ मिनिटं तिचं वाचन, रात्री २० मिनिटं तुमचं. तुम्ही वाचता ते पुस्तक तिच्यासाठी अवघड असलं तरी चालेल. तिचं मात्र सोपंच हवं. पानावर तीनाहून जास्त शब्द अडले तर ते पुस्तक बाजूला ठेवा. अधूनमधून चित्र झाकून मधलाच शब्द विचारा, पाठांतर लगेच उघडं पडतं.

पुस्तकांवर फार खर्च नको. बालभारतीचं पहिलीचं पुस्तक मोजपट्टी म्हणून ठेवा. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर पातळीनुसार मराठी गोष्टी फुकट आहेत. शिवाय करवीर नगर वाचन मंदिराचं सभासदत्व घ्या.

आपल्याकडच्या मुली 'मी आलो' म्हणतात. पुस्तकात 'आले' असताना ती 'आलो' वाचेल. तिला अर्थ कळलाय, नजर मात्रेवरून घसरलीय इतकंच. मात्रेवर बोट ठेवायला सांगा. बोलीला नावं ठेवू नका.

गणित वेगळं घ्यावंच लागेल. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार नंतर शाळेत घालताना तिला वयाप्रमाणे वर्ग मिळतो. साडेसातव्या वर्षी तो साधारण दुसरीचा, तेव्हा शंभरपर्यंतची बेरीज-वजाबाकी आधी पक्की करून घ्या.