बापाचं रक्त

“मॅडम, बापाचं रक्त आहे ना अंगात. ते कुठे जाणार?”

मार खात वाढलेली माणसं स्वतः आईबाप व्हायच्या वेळी हा प्रश्न हमखास घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येतात. या वेळी विचारणारा २७ वर्षांचा, चाकणच्या एका कारखान्यात मशीन ऑपरेटर. बायकोला सातवा महिना. त्याच्या परवानगीनेच लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

आठवड्यापूर्वी पैशांवरून वाद झाला, त्याने तांब्या भिंतीवर फेकला. तांब्याला पोचा आला. बायकोने दोन्ही हात पोटावर धरले. “ती काही बोलली नाही, पण ते हात बघितले आणि मला आई दिसली.” ‘फक्त तांब्याच तर फेकला’ असं मी म्हटलं नाही, कोणी म्हणूही नये. आधी बायकोशी एकटीशी बोलले, माहेरी जावंसं वाटतं का विचारलं, रात्री-बेरात्री कुणाला फोन करायचा तेही ठरवलं. मग त्याच्याकडे वळले.

मूळचा बीडकडचा. आईवडील ऊसतोडीला, मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता. रात्री पालावर बाप पिऊन यायचा. आई गेली तेव्हा हा आठ वर्षांचा. मामाने वर्षभर सांभाळला आणि आळंदीला एका महाराजांच्या संस्थेत आणून सोडला. जोग महाराजांची वारकरी शिक्षण संस्था १९१७ सालची. पुढे आळंदीत अशा लहानमोठ्या कितीतरी निघाल्या, त्यांतलीच ही एक.

पहिल्या दिवसाचं त्याने सांगितलं ते मी अजून विसरलेले नाही. वारकऱ्यांत लहानमोठा न बघता एकमेकांच्या पाया पडतात. तसे एक म्हातारे वारकरी ‘माउली’ म्हणत याच्या पायाशी वाकले. “मला वाटलं चप्पल काढताहेत. मी पळालो, ते थेट घाटापर्यंत.” म्हातारबुवा मागे आले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच वाकले, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी हा जागचा हलला नाही.

पहाटे काकडा, मग शाळा, संध्याकाळी हरिपाठ, आणि त्याआधी पखवाजाला कणिक लावायचं काम याच्याकडे. मी विचारलं, महाराज रागवायचे का? “रागवायचे ना. पण रागावणार हे आधी कळायचं. आणि का, तेही कळायचं.” बापाच्या बाबतीत हेच तर कधी कळलं नव्हतं.

हवाईच्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, व्यसन अशा जोखमीत वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं धडधाकट, माया करणारी माणसं झाली. त्यांच्यात वारंवार दिसलेली एक गोष्ट म्हणजे भरवशाचं निदान एक मोठं माणूस. ते आईबापच असायला हवं असं नाही. ज्यांचं तरुणपणी बिनसलं त्यांच्यातलेही बरेच पुढे सावरले. कुणाला लग्नाने हात दिला, कुणाला शिक्षणाने, कुणाला श्रद्धेने. याला मी हे सांगितलं तेव्हा त्याने एवढंच विचारलं, “म्हातारबुवा धरले तर चालतील का?”

पण संस्थेचं एक मला खटकलं. आईबाप म्हणजे देव, हे कीर्तनातून इतकं कानावर पडलं होतं की बापाचा राग येणं हेच त्याला पाप वाटायचं. दर दिवाळीला गावी जाऊन बापाच्या पाया पडायचा आणि परत आला की दोन दिवस जेवायचा नाही. क्षमा मोठी खरीच, पण नऊ वर्षांच्या पोराकडे ती मागायची घाई कशाला? गिळलेला राग मग तांब्यावर निघतो.

सहा बैठकींत आम्ही साधंच केलं. राग चढताना कान तापतात आणि उजवी मूठ वळते, हे त्याने स्वतः शोधलं. तेव्हा “मी खाली जाऊन येतो” म्हणायचं आणि अर्ध्या तासात परत यायचं. परत येणं महत्त्वाचं, ही अट बायकोने घातली. बापाला एक पत्र लिहिलं, टाकायचं नाही असं ठरवून. चार पानं झाली.

मुलाला अशा संस्थेत ठेवायचा विचार असलेल्या नातेवाइकांसाठी जाता जाता: सगळीकडे असे म्हातारबुवा नसतात. निराधार मुलं सांभाळणाऱ्या संस्थेला बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे नोंदणी बंधनकारक आहे, ती बघा. न सांगता भेटायला जा, मुलाशी एकट्याने बोला. शंका आली तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

या दिवाळीला तो गावी गेला नाही. चुलतीच्या हाती बापाला पैसे पाठवले आणि दिवसभर अस्वस्थ होता, पण जेवला. मुलगी झाली आहे. पुढची तारीख बारशानंतरची घेतली आहे. पत्राचं पाचवं पान लिहायचं म्हणतोय.