पीआयआर झाला, पण दावा अजून व्हायचाय

विमानप्रवासात बॅग चार दिवसांनी आली, चाक तुटलेलं, पीआयआर (प्रॉपर्टी इरेग्युलॅरिटी रिपोर्ट) करून झालाय. मग विमान कंपनीच्या फोनची वाट बघायची का, असं तुम्ही विचारलंय. वाट बघू नका. पीआयआर ही सामानाच्या तक्रारीची विमानतळावरची नोंद. पैसे मागणारं पत्र वेगळं लागतं आणि त्याला मुदत आहे.

प्रवास दोन देशांमधला असेल तर बहुतेक वेळा विमान कंपन्यांची जबाबदारी ठरवणारा १९९९चा माँट्रियल करार लागू होतो. नुकसानीची लेखी तक्रार बॅग हातात आल्यापासून ७ दिवसांत, उशिराची २१ दिवसांत. तुमच्या बाबतीत दोन्ही आहेत, तेव्हा ७ दिवसांच्या आतच एका ईमेलमध्ये दोन्ही मागा. फोन किंवा चॅटवरचं बोलणं धरून चालू नका. वेबसाइटवर फॉर्म भरलात तर 'सबमिट'नंतरच्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा.

ईमेलमध्ये पीआयआर क्रमांक (विमानतळाची तीन अक्षरं, कंपनीची दोन, मग पाच आकडे), बॅग टॅगचा दहा आकडी क्रमांक, पीएनआर आणि मागणीची नेमकी रक्कम द्या. 'योग्य ती भरपाई द्यावी' असं लिहिलंत की कंपनी तिच्या सोयीचा आकडा ठरवते. चाकाचा फोटो हँडलवरचा टॅग दिसेल असा काढा. दुरुस्तीवाल्याकडून खर्चाचा अंदाज, किंवा दुरुस्त होणार नाही असं लेखी घ्या.

'चाकं, हँडल ही नेहमीची झीज' हे उत्तर येईलच. करारात कंपनीला सूट आहे ती सामानाच्या मूळच्या दोषाला. चाक खोबणीसकट उखडलं असेल तर ती झीज नव्हे. ओरखड्यांसाठी मात्र भांडू नका, वेळ फुकट जातो.

उशिराच्या चार दिवसांत घेतलेले कपडे, टूथब्रश, चार्जर यांची बिलं जोडा. घरी परतताना बॅग अडकली असेल तर कंपन्या खळखळ करतात, कारण घरी कपडे असतातच.

भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर, तीही प्रवाशामागे, बॅगेमागे नाही. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबी एकक, दर त्यांच्या साइटवर मिळतो. एवढे पैसे आपोआप मिळत नाहीत. सिद्ध होईल तेवढंच नुकसान मिळतं.

दोन कंपन्यांची विमानं होती आणि त्या एकमेकींकडे बोट दाखवत असतील, तर शेवटच्या कंपनीला धरा; करारानुसार तिच्यावर दावा करता येतो. कोर्टाची मुदत दोन वर्षं. देऊ केलेली रक्कम कमी वाटली तर 'पूर्ण व अंतिम तडजोड' लिहिलेल्या कागदावर सही करू नका.