अ‍ॅथलोनला येताय ना, मग शुक्रवार मोकळा ठेवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरी आयर्लंडमधल्या अ‍ॅथलोनला, वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीत. बरोबर बायको आणि साडेअकरा वर्षांचा मुलगा. घर कोल्हापूरचं, त्यामुळे पोरगा शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार या तालमींचे फुटबॉल सामने बघत वाढलेला. आणि ‘तिकडे फुटबॉल बघायला-खेळायला मिळेल, की नुसता पाऊस?’ कामाचं परमिट, आयआरपी (राहण्याच्या नोंदणीचं) कार्ड, पीपीएस (सरकारी ओळख) नंबर यांबद्दल मी एक अक्षर लिहिणार नाही. ते सरकारी संकेतस्थळावर नीट दिलंय, शिवाय कंपनी मागे लागून करून घेते. फुटबॉलचं मात्र कुणी सांगत नाही.

तर, मिळेल. लीग ऑफ आयर्लंडची दुसरी पातळी म्हणजे फर्स्ट डिव्हिजन, आणि तिच्यातला एक संघ तुमच्याच गावचा: अ‍ॅथलोन टाउन, स्थापना 1887, या लीगमधला सर्वांत जुना क्लब. 1975 साली यांनी यूएफा कपात एसी मिलानला आपल्या मैदानावर 0-0 असं रोखलं, त्यातही एक पेनल्टी वाया घालवून. ही पेनल्टी तुम्हाला गावातला प्रत्येक साठीचा माणूस ऐकवील. ऐकून घ्या. 1981 आणि 1983 ला हे देशाचे विजेते होते. प्रीमियर डिव्हिजनमधून, म्हणजे वरच्या पातळीवरून, 2014 ला घसरले. महिलांचा संघ मात्र 2024 आणि 2025 ला देशाचा विजेता. पुरुषांचे निकाल बघून जीव उबगला की त्यांचा सामना गाठा, फुटबॉल सरस असतो.

इंग्लंडचं वेळापत्रक डोक्यातून काढा. 2003 पासून इथला हंगाम उन्हाळी आहे: फेब्रुवारीच्या मध्याला सुरू, ऑक्टोबरात शेवट, प्ले-ऑफ नोव्हेंबरपर्यंत. दहा संघ, प्रत्येकाशी चारदा गाठ, एकूण 36 सामने, त्यातले 18 घरी. बहुतेक शुक्रवारी रात्री पावणेआठला. पहिला येणारा थेट वर जातो. दुसऱ्या ते पाचव्यांचा प्ले-ऑफ. तो जिंकणाऱ्याला पुन्हा प्रीमियरच्या नवव्या संघाशी त्रयस्थ मैदानावर एकच सामना खेळावा लागतो. 2023 ला गॉलवेने 94 गुण काढून सरळ वरचा रस्ता धरला. दुसऱ्या आलेल्या वॉटरफर्डला या लांबच्या वाटेने जाऊन, डब्लिनच्या टॅला उपनगरात जादा वेळेत कॉर्क सिटीला हरवून वर जावं लागलं. या व्यवस्थेमुळे पाचवा क्रमांक ऑक्टोबरपर्यंत जिवंत राहतो. आठवा-नववा मात्र ऑगस्टमध्येच मेलेला असतो, कारण आजवर इथून खाली पडायला जागाच नव्हती. सप्टेंबरातला असा एखादा सामना म्हणजे काही शे माणसं, वारा आणि तोच गोलकीपर. तरी जा.

ही पातळी हलकी समजू नका. 2014 ते 2019 मध्ये पाच वेळा लीग जिंकलेला डंडॉक 2024 ला इथे येऊन पडला आणि 2025 ला पहिला येऊन परत गेला. कॉर्क सिटीचा तर वर-खाली फेरा चालूच: 2022 ला पहिले, 2023 ला खाली, 2024 ला पुन्हा पहिले, 2025 ला पुन्हा खाली. रॉय कीन इथल्याच कोव्ह रॅम्बलर्समधून 1990 ला नॉटिंगहॅम फॉरेस्टला गेला, 47 हजार पौंडांत. पण बहुतेक क्लबांत खेळाडू अर्धवेळ आहेत: दिवसा नोकरी किंवा कॉलेज, संध्याकाळी सराव. म्हणून जुलैत बदलीची खिडकी उघडली की तुमच्या संघाचा सर्वांत जास्त गोल करणारा जातो. दरवर्षी जातो. पोराला एका खेळाडूच्या नावाचा शर्ट घेऊन देऊ नका, बिननावाचा घ्या.

तिकीट दहा-पंधरा युरोच्या आसपास, मुलांचं बरंच कमी. छत्री नेऊ नका. वाऱ्यात उलटते आणि मागच्यांच्या शिव्या मिळतात. टोपी असलेलं जाड रेनकोटाचं जाकीट, आत लोकर, दोन जोड मोजे. फेब्रुवारी-मार्चमध्ये घरातून निघण्याआधी क्लबची घोषणा बघा. दुपारी पंच मैदान तपासतात आणि पाणी साचलं असेल तर सामना रद्द. जूनमध्ये उलट: सामना संपतो तेव्हाही आकाशात उजेड असतो, आणि पोरं दहापर्यंत झोपत नाहीत. करी-चिप्स (तळलेल्या बटाट्यावर करीचा रस्सा) खा, पण त्या पिवळ्या रश्श्यावर मत देऊ नका.

बाहेरगावच्या सामन्यांना रेल्वेच्या भरवशावर राहू नका. ब्रेला स्टेशन मैदानाला खेटून आहे, कोव्हला कॉर्कहून गाडी आहे. पण सामना साडेनऊच्या पुढे संपतो आणि अ‍ॅथलोनला परतायला काहीच नसतं. फिन हार्प्सचं बॅलिबोफे डोनेगलमध्ये, त्या परगण्यात रेल्वेच नाही. समर्थकांच्या मिनीबसमध्ये जागा मागा. गाडीत पाच तास एकत्र बसलं की जी ओळख होते ती शेजाऱ्यांशी दोन वर्षांत होत नाही. घरी बसायचं असेल तर एलओआय टीव्ही या लीगच्या ऑनलाइन सेवेवर सामने दिसतात.

आता मुलाचं खेळणं. इथे लोक फसतात. दहा वर्षांपुढचा परदेशी मुलगा नोंदणीकृत क्लबात खेळणार असेल तर फिफाचे अल्पवयीनांचे नियम लागतात. नियम मुलांचा व्यापार रोखायला आहेत, चांगले आहेत, आणि तुमच्या साडेअकरा वर्षांच्या पोराला बाकावर बसवतात. क्लब एफएआयकडे, म्हणजे आयर्लंडच्या फुटबॉल महासंघाकडे, अर्ज करतो. मुलगा भारतात नोंदलेला असेल तर एफएआय भारतीय महासंघाकडून खेळाडूचं (शाळेचं नव्हे) ट्रान्सफर सर्टिफिकेट मागवते. तुम्ही मध्ये काही करू शकत नाही. तुमच्या हातात आहे ते एवढंच: मुलाचा आणि दोघा पालकांचा पासपोर्ट, जन्मदाखला, तुमचं परमिट, नोकरीचा करार, घराचा पुरावा, आणि ‘आम्ही वडिलांच्या नोकरीमुळे आलो, फुटबॉलमुळे नाही’ असं सरळ लिहिलेलं पत्र. अडतं ते नावावर. भारतीय महासंघाच्या सीआरएस या खेळाडू-नोंदणी प्रणालीत नाव एक, पासपोर्टात वडिलांचं नाव मध्ये घुसलेलं, जन्मदाखल्यावर आडनाव आधी. निघण्यापूर्वी सीआरएसमधलं नाव पासपोर्टाबरहुकूम करून घ्या. इथून ते दुरुस्त करायला महिने जातात, आणि ते महिने मुलगा दर शनिवारी किट घालून बाहेर उभा असतो. मोठ्यांना याचं काही वाटत नाही, ‘पुढच्या हंगामात’ म्हणतात. बारा वर्षांच्या पोराला पुढचा हंगाम म्हणजे काय, ते ज्याच्या घरात घडतं त्यालाच कळतं.

शाळेचंही तसंच. वयाच्या बारा वर्षांपर्यंतचं शिक्षण आयर्लंडबाहेर झालं असेल तर आयरिश भाषेच्या विषयातून सूट मिळते. त्याआधी आलात तर या कारणाने नाही. तुमचा मुलगा बरोबर या काठावर आहे. प्रवेशाची तारीख ठरवण्याआधी वयाचं गणित मांडा आणि मुख्याध्यापकांचं उत्तर लेखी घ्या, तोंडी ‘बघू’ चालत नाही. सूट मिळाली तर त्या तासाला मुलाला काय करायला लावणार, हेही विचारा. मागच्या बाकावर रंगवायला बसवणं हे उत्तर असेल तर मी सूट न घेता भाषा शिकवीन. शाळेत खेळ म्हणजे बहुधा गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग, हे इथले देशी खेळ. खेळू द्या, त्याला नोंदणीची ही भानगड नसते. मित्र तिथेच होतात.

एकटेपणाचं विचारलंत. येतो, जातो. त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. फक्त एवढं ध्यानात ठेवा की मुलगा पहिल्या हंगामातच तिथला होतो, अ‍ॅथलोनच्या हेलात बोलायला लागतो, आणि गोल झाल्यावर तुमच्याकडे न बघता मित्रांकडे धावतो. आपण ज्यासाठी आलो तेच हे, असं स्वतःला बजावावं लागतं. काही शुक्रवारी पटतं. कोल्हापुरात तुमची तालीम जन्माने ठरलेली होती, इथे पन्नाशीच्या जवळ येऊन ती निवडायची आहे.

म्हणून नुसते प्रेक्षक होऊ नका. छोटे क्लब माणसांवाचून अडलेले असतात: गेटवर तिकिटं, मध्यंतराच्या सोडतीची पावतीपुस्तकं, सामन्यानंतर खुर्च्या. सरळ जाऊन विचारा, नाही म्हणत नाहीत. मुलांच्या संघाबरोबर काम करायचं असेल तर गार्डा व्हेटिंग, म्हणजे इथल्या पोलिसांची पार्श्वभूमी-तपासणी, लागतं, आणि त्यात जन्मापासूनचे सगळे पत्ते द्यावे लागतात. जुन्या घरांचे पत्ते पिनकोडसकट आत्ताच आईला विचारून लिहून घ्या. पासपोर्ट सेवेतून पोलीस क्लिअरन्सही काढून ठेवा. इथे आल्यावर तेच काम दूतावासातून करायला जास्त वेळ लागतो.