खाऊ केला कोणी, वाटला कोणी?

प्रश्न : माझी नात साडेतीन वर्षांची आहे आणि मी निवृत्त झाल्यापासून दुपारी ती माझ्याकडेच असते. मला स्वयंपाकाची आवड असल्यामुळे आठवड्यातून एकदा आम्ही दोघे मिळून बिस्किटे करतो. पहिल्या दहा मिनिटांत ओट्यावर, जमिनीवर आणि तिच्या केसांत पीठ होते, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. अडचण वेगळी आहे. गेल्या आठवड्यात बिस्किटे तयार झाल्यावर मी त्यांतली चार शेजारच्या मुलाला दिली, तर तिने आकांत मांडला, उरलेली ताटली पोटाशी धरून 'माझी आहेत' म्हणत ती कोपऱ्यात बसली आणि शेवटी तिने स्वतः एकही खाल्ले नाही. माझी मुलगी म्हणते की तिला गोडाची सवय लागते आहे आणि वर हट्टही वाढतो आहे, तेव्हा हा उद्योग बंद करा. मला तो बंद करायचा नाही. माझे कुठे चुकते आहे?
– एक आजोबा

उत्तर : आजोबा, उद्योग मुळीच बंद करू नका. तुमची चूक एकच झाली आणि तीही लहानशी आहे: बिस्किटे तिने केली होती आणि वाटली तुम्ही.

खाऊ करण्यातला आनंद मुलांच्या लेखी खाण्याशी फार थोडा बांधलेला असतो. पिठात हात घालावा, लोणी बोटांना चिकटावे, गोळ्यावर साचा दाबला की चंद्र निघावा आणि तो चंद्र ओव्हनच्या काचेमागे हळूहळू तांबूस होताना पाहावा, हा तिचा खरा खाऊ. त्यानंतरचा मानाचा क्षण म्हणजे 'हे मी केले' असे म्हणत ताटली दुसऱ्यापुढे धरण्याचा, आणि नेमका तोच तुम्ही, अर्थातच चांगल्या मनाने, तिच्या हातून काढून घेतलात. तिच्या रडण्याला हट्ट म्हणण्यापेक्षा मी हक्क म्हणेन.

एवढ्या लहान मुलांना देण्यातली गोडी कळत नाही, असा आपला समज असतो. 2012 साली लारा अ‍ॅकनिन, काइली हॅमलिन आणि एलिझाबेथ डन यांनी दोन वर्षांहून लहान मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात मुलांना खाऊ दिला गेला आणि मग त्यांतला थोडा एका बाहुलीला द्यायला सांगितला गेला. स्वतःला खाऊ मिळाला तेव्हापेक्षा बाहुलीला देताना मुलांचे चेहरे अधिक खुललेले दिसले आणि सर्वांत अधिक खुलले ते स्वतःच्या वाडग्यातला खाऊ स्वतःच्या हाताने देताना. समोर सापडलेला, आपला नसलेला खाऊ पुढे सरकवण्यात तेवढी मजा नव्हती. तेव्हा देण्याची गोडी तुमच्या नातीतही असणार, मात्र आधी ती वस्तू तिची असायला हवी आणि द्यायला हात तिचा हवा.

म्हणून पुढच्या वेळी पीठ मळण्याआधीच तिला विचारा, 'आज कोणाकोणाला द्यायची?' ती नावे घेईल तितकी बिस्किटे मोजून कापू द्या. ओव्हनमधून निघालेली, निवलेली पहिली दोन तिच्या स्वतःच्या ताटलीत ठेवा आणि त्यांना कोणीही, तुम्हीसुद्धा, हात लावू नका. बाकीची वाटायला तीच जाईल, तुम्ही फक्त दार उघडायचे. एखाद्या दिवशी ती 'नाही देणार' म्हणाली, तर त्या दिवशी वाटप नाही. जबरदस्तीने करवलेल्या वाटपातून मूल एवढेच शिकते की मोठी माणसे आपली वस्तू केव्हाही उचलून नेऊ शकतात.

यात आणखी एक गंमत करता येते. कोणाला काय आवडेल, हे मुलांना आपल्या अपेक्षेपेक्षा बरेच लवकर समजू लागते. बेटी रेपाचोली आणि अ‍ॅलिसन गॉपनिक यांच्या 1997 सालच्या प्रयोगात एक बाई मुलांसमोर बिस्किटे चाखून तोंड वाकडे करी आणि ब्रोकोली चाखून खूश होई, आणि मग 'मला थोडे दे' म्हणून हात पुढे करी. चौदा महिन्यांच्या मुलांनी तिला बहुधा आपल्याच आवडीची बिस्किटे दिली. अठरा महिन्यांच्या मुलांनी मात्र, स्वतःला न आवडणारी असूनही, तिला ब्रोकोली दिली. तुमची नात तर साडेतीन वर्षांची आहे. 'आईला चंद्र आवडेल की मासा?' एवढे विचारा, म्हणजे कापतानाच तिच्या डोक्यात आई येईल.

करायला काय घ्यावे, असेही आपल्या मनात असेल. मी एक भाग साखर, दोन भाग लोणी आणि तीन भाग मैदा हे वजनी प्रमाण सुचवेन, कारण तिला ते 'एक, दोन, तीन' म्हणत पाठ होते. 50 ग्रॅम साखर, 100 ग्रॅम लोणी आणि 150 ग्रॅम मैदा घेतल्यास साधारण वीस छोटी बिस्किटे होतात. लहान हात गरम असतात आणि वारंवार मळल्याने लोणी पातळ होऊन गोळा चिकटू लागतो. तसे झाले की आणखी पीठ घालू नये, गोळा वीसेक मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावा आणि तेवढ्या वेळात तिच्याकडून ओटा पुसून घ्यावा, कारण फडके फिरवणे हेही या वयात काम नसून खेळच असतो. अर्धा सेंटिमीटर जाडीचे लाटून 160 ते 170 अंश सेल्सिअसवर पंधरा-वीस मिनिटे भाजावे. ओव्हनचे दार आणि गरम तवे हे मात्र शेवटपर्यंत तुमचे खाते. तिला उभे राहायला न डगमगणारा पाट हवा आणि गॅसवर काही असेल तर भांड्यांच्या मुठी आतल्या बाजूला वळवलेल्या हव्यात. कच्चा गोळा चाखू देऊ नका. त्यात अंडे नसले तरी मैदा हा कच्चाच पदार्थ असतो आणि त्यात आजार पसरवणारे जंतू असू शकतात, जे भाजल्यावर मरतात.

आता आपल्या मुलीच्या काळजीविषयी. ती रास्त आहे, पण तिला हिशोब दाखवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 सालच्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेल्या साखरेसारख्या मुक्त शर्करेतून दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी आणि जमल्यास पाच टक्क्यांहून कमी ऊर्जा मिळावी. दिवसाला 1200 कॅलरी लागणाऱ्या मुलासाठी हे अनुक्रमे 30 आणि 15 ग्रॅम होतात. वरच्या प्रमाणातल्या दोन बिस्किटांत मिळून 5 ग्रॅम साखर येते, आणि तीही आठवड्यातून एकदा. उरलेली बिस्किटे वाटली गेली की घरात डबाच उरत नाही, हा वाटपाचा आणखी एक फायदा. एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी: 'शहाण्यासारखी वागलीस तर बिस्किटे करू' असे म्हणू नये. बक्षीस म्हणून दिलेल्या खाऊचे महत्त्व मुलांच्या मनात नको तितके वाढते.

प्रश्न : माझा चार वर्षांचा मुलगा स्वतः केलेला खाऊ नऊ महिन्यांच्या बहिणीला भरवायला धावतो. त्याला अडवावेसे वाटत नाही, पण भीती वाटते. काय करावे?

उत्तर : त्याला अडवू नका, पण तिचा खाऊ वेगळा करा. तिच्या वाट्याचे साखर-मीठ न घालता बाजूला काढावे आणि पिकलेले केळे कुस्करण्याचे काम त्यालाच द्यावे. एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये, भाजलेल्या पदार्थातूनही नाही, कारण त्यातील जिवाणूच्या बीजाणूंमुळे बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो आणि घरच्या ओव्हनच्या उष्णतेने ते बीजाणू नष्ट होत नाहीत. अख्खे दाणे आणि अख्खी द्राक्षे तर तुमच्या मोठ्या मुलालाही देऊ नका. द्राक्षाचे उभे चार तुकडे करावेत. भरवताना बाळ बसलेले असावे आणि तुम्ही शेजारी.

प्रश्न : माझ्या मुलीने केलेले आकार इतके बेढब असतात की पाहुण्यांपुढे ठेवायला संकोच वाटतो. ती झोपल्यावर मी ते नीट करून भाजते. तिला कळले तर वाईट वाटेल का?

उत्तर : तिला कळलेले असेलच. आपले बिस्किट मुले बरोबर ओळखतात. पाहुण्यांसाठी तुम्ही वेगळा गोळा ठेवा आणि तिचा तिच्या आकारातच भाजा. फक्त जाडी सारखी करून घ्या, म्हणजे कडा करपून मधला भाग कच्चा राहणार नाही.

माझ्या भाच्याने पाच वर्षांचा असताना एक बिस्किट इतके मळले होते की ते करडे पडले. भाजून झाल्यावर त्याने ते दोन्ही हातांत धरून आपल्या वडिलांकडे नेले आणि हा हत्ती आहे, असे सांगितले. वडिलांनी मन लावून पाहिले, छान म्हटले आणि एक तुकडा मोडून तोंडात टाकला. भाचा ओठ काढून रडू लागला. आम्हाला वाटले, हत्ती मोडला म्हणून रडतो आहे. तसे नव्हते. वडिलांनी सोंड आधी खाल्ली होती, आणि सोंड शेवटी खायची असते.