घाटात ब्रेकचा लिव्हर मुठीला टेकतो आणि गाडी निवल्यावर घट्ट होतो; कॅलिपर बदलावा का?

आंबेनळी घाट उतरताना पुढच्या डिस्क ब्रेकचा लिव्हर मुठीला टेकला, अर्धा तास थांबल्यावर तो पूर्ववत झाला आणि गॅरेजमध्ये आपल्याला कॅलिपर (चाकाच्या चकतीवर ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) बदलायला सांगितले, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते दोष बहुधा ब्रेक ऑइलचा आहे. त्याची खात्री करण्यापूर्वी कृपया कॅलिपरवर खर्च करू नका.

डॉट 4 या प्रकारचे ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. नवे ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असे मानक आहे, पण त्यात सुमारे 3.7 टक्के पाणी मुरले की ही मर्यादा 155 अंशांवर येते. लांब उतारावर ब्रेक सतत धरून ठेवला की पॅडची उष्णता त्यांना ढकलणाऱ्या पिस्टनमार्गे ऑइलपर्यंत पोहोचते, ऑइल उकळून वाफ होते आणि आपण लावलेला जोर ती वाफ दाबण्यातच संपतो. निवल्यावर वाफ विरते, त्यामुळे गॅरेजमध्ये सगळे ठीक दिसते.

गाडी थंड असतानाही लिव्हर मऊ लागून दोन-तीनदा पंप केल्यावर वर येत असेल, तर नळीत हवा शिरली आहे असे समजावे. दाबून धरलेला लिव्हर हळूहळू बसत असेल आणि बाहेर कुठेही ऑइल पाझरत नसेल, तर मास्टर सिलिंडरचे (लिव्हर दाबल्यावर ऑइलवर दाब देणाऱ्या भागाचे) किट बदलावे लागते. लिव्हर घट्ट असूनही गाडी थांबत नसेल, तर पॅड तेलकट किंवा गुळगुळीत झालेले असतात.

कॅलिपरचीही एक तपासणी अवश्य करा. पुढचे चाक उचलून हाताने फिरवा. ते अडखळत असेल तर पिस्टन किंवा सरकत्या पिना अडकल्या आहेत आणि ऑइल तापण्याचे मूळ तिथेच आहे. तरीही बहुतेक वेळा सफाई आणि नवे सील पुरेसे ठरतात. पिनांना साधे ग्रीस लावू नये, कारण त्याने रबर फुगते. सिलिकॉन ग्रीसच वापरावे.

ऑइल बदलताना ते लिव्हरजवळच्या ऑइलच्या डबीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रकारचेच आणि सीलबंद बाटलीतले घ्यावे. कॅलिपरच्या निपलला (ऑइल बाहेर काढण्याच्या छोट्या तोटीला) पारदर्शक नळी लावून तिचे टोक थोड्या ऑइलात बुडवावे, लिव्हर दाबून धरावा, निपल पाव फेरा सैल करून पुन्हा आवळावा आणि मगच लिव्हर सोडावा. हा क्रम चुकला की हवा आत ओढली जाते. माझ्या गाडीचे पहिले ऑइल कोऱ्या चहासारखे निघाले होते. नळीतून स्वच्छ, बिनबुडबुड्यांचे ऑइल येईपर्यंत मी थांबलो नाही. वरची डबी मध्येच रिकामी होऊ देऊ नका, आणि टाकीवर ऑइल सांडल्यास लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग जातो.

यानंतर सपाट रस्त्यावर सावकाश चालवून लिव्हरची खात्री करून घ्या आणि मगच घाटात जा. उतारावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा आधार घेऊन दोन्ही ब्रेक थोडे थोडे वापरा. एवढे करूनही लिव्हर पुन्हा बसला, तर कॅलिपर उघडून पाहणे योग्य ठरेल.